कॅलिफोर्नियाहून आणलेली पेल एल चाखायची कशी

सॅन फ्रान्सिस्कोकडून घरी येणाऱ्यांच्या बॅगेत बदाम-चॉकलेटांच्या जोडीला कधीकधी हिरव्या लेबलची सिएरा नेवाडा पेल एल ही बिअरही असते. कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या ब्रुअरीने ती 1980 मध्ये बनवायला घेतली आणि पुढे अमेरिकन पेल एलचा नमुना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवलं जाऊ लागलं. अल्कोहोल 5.6 टक्के, कडूपणा 38 आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक). साध्या लागरचा, म्हणजे नेहमीच्या फिकट, हलक्या बिअरचा आकडा साधारण 10 ते 20 असतो. पण तिची खरी ओळख कडूपणात नाही, कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या वासात आहे. हा वास फार लवकर उडतो, त्यामुळे निम्मी लढाई झाकण उघडण्याआधीच जिंकलेली किंवा हरलेली असते.

विकत घेतानाच पॅकिंगची तारीख बघा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. 04/05 म्हणजे 5 एप्रिल, 4 मे नव्हे. तीन महिन्यांच्या आतली असेल तरच ओझं वाहण्यात अर्थ आहे. हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरचं द्रव चालत नाही, म्हणून बाटल्या चेक-इन सामानातच जाणार. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत घालून मोज्यात सरकवा आणि बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे येतील अशी ठेवा. आणखी एक हिशेब: भारतात शुल्काशिवाय 2 लिटर मद्य आणता येतं. 355 मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे 2130 मिली, म्हणजे सहाचा पूर्ण पॅक मर्यादेबाहेर. पाचच आणा.

घरी पोचल्यावर बाटल्या थेट फ्रिजमध्ये. ब्रुअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस आणि 3-4 अंशांत 300 दिवस बिअर सारखीच शिळी होते. मे महिन्यात पुण्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली किती दिवसांनी म्हातारी होते, ते यावरून ताडा. एकदा गार केलेली बिअर मधे गरम झाली म्हणजे संपली, हा मात्र गैरसमज. नुकसान उष्णतेत काढलेल्या वेळाने होतं, पुन्हा गार करण्याने नाही. उजेडाचं तसं नाही. उन्हात हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि जळक्या रबरासारखा दर्प येतो. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी आणि पारदर्शक फारसा नाही.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, कारण या बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं आणि ते तळाशी बसायला वेळ लागतो. ग्लास काचेचाच हवा. स्टीलच्या पेल्यात रंगही दिसत नाही आणि फेसही. ग्लासला तुपाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस मिनिटभरात बसतो आणि दोष बिअरवर येतो. परीक्षा सोपी: ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, जिथे चिकटलं नाही तिथे ओशटपणा आहे. मग पुन्हा विसळून उपडा निथळू द्या. फडक्याने पुसू नका.

पिण्यासाठी 7 ते 10 अंश योग्य. त्याहून गार असली तर वास दबतो. फ्रिजमधून काढून दहाएक मिनिटं थांबा, उन्हाळ्यात पाचच. शेजारी फोडणी, उदबत्ती किंवा अत्तर नको, आणि त्याआधी बडीशेप-सुपारीही नको. ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून मधोमध ओता. दोन-तीन सेंटिमीटर फेस यायला हवा, कारण वास त्यातूनच वर येतो.

घोट घेण्याआधी हुंगा, लांब श्वासाने नाही, दोन-तीन छोट्या हुंगण्यांनी. ताज्या बाटलीत पपनसाची साल नखाने ओरबाडल्यासारखा वास येतो, मागे थोडी फुलं आणि पॅकिंगच्या नव्या खोक्याच्या लाकडासारखी राळ. नाक थकलं तर स्वतःचं मनगट हुंगा. मग मोठा घोट तोंडभर फिरवून गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. बरीच चव इथेच कळते. आधी माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव, म्हणजे भाजलेल्या पावाची कड आणि किंचित कॅरमेल, नंतर कडूपणा. कडूपणा वीस-तीस सेकंद रेंगाळू द्या. तो स्वच्छ सुटायला हवा. जिभेवर ओरखडल्यासारखा उरला तर बिअर शिळी असावी.

शिळेपणा ओळखायच्या आणखीही खुणा आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा वास, पपनस गायब आणि त्याजागी मधासारखा जड गोडवा म्हणजे ऑक्सिजनने घात केला. उकडलेल्या कणसाचा किंवा लोण्याचा वास आला तर प्रवासाला दोष देऊ नका; तो बहुधा बनवतानाचाच. शंका असेल तर शेजारी साधी लागर ओता आणि आलटून पालटून प्या, फरक लगेच समजतो.

चकली किंवा मिरचीची भजी पहिल्या ग्लासाबरोबर नकोत, तिखटाने कडूपणा दुप्पट बोचतो. साधा पाव आणि पाणी पुरे; खारे शेंगदाणे दुसऱ्या ग्लासाला. शेवटचा सेंटिमीटरभर भाग गढूळ असतो, तो वेगळा ओतून चाखा. यीस्टने चव थोडी पावासारखी होते. काहींना हीच आवडते, पण पहिल्या ग्लासात ती मिसळली तर पपनस झाकून जातं.