देवस्थानाचा हिशेब नव्या स्प्रेडशीटवर नेण्याआधी

एप्रिलपासून देवस्थानाचा जमाखर्च फुकट मिळणाऱ्या मुक्त प्रोग्रामवर न्यायचा असेल, तर मार्चमध्येच जुन्या फाइली बाहेर काढा. प्रोग्राम कुठला, हे त्या फाइलीच ठरवतील.

आधी बघा, फाइल कोणाकोणाकडे जाते. खजिनदार, मुखत्यार आणि ऑडिटर यांच्यापैकी एकालाही एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइलच लागत असेल, तर अपाचे ओपनऑफिस सोडून द्या. तो अशी फाइल उघडतो, पण त्या स्वरूपात सेव्ह करून देत नाही. नाव ओळखीचं म्हणून अजूनही बरेच जण तोच उतरवतात, याचं मला वाईट वाटतं. ओपनऑफिसपासून 2010 साली वेगळं झालेलं लिबरऑफिस तेच काम कितीतरी नीट करतं. ग्न्युमेरिक हलकं आणि आकडेमोडीत पक्कं आहे, पण विंडोजसाठी त्याच्या नव्या आवृत्त्या निघत नाहीत, त्यामुळे जुन्या लिनक्स संगणकापुरता त्याचा विचार करा. फाइल रोज एक्सेलवाल्यांकडे ये-जा करत असेल आणि रकाने-चौकटी जागच्या हलता कामा नयेत, तर ओन्लीऑफिस बघा; मात्र एक्सेलचे जुने मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) त्यात चालत नाहीत.

माझं मत कॅल्कला, म्हणजे लिबरऑफिसमधल्या स्प्रेडशीटला आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, सगळ्यात किचकट फाइलीची प्रत घेऊन तपासा. जत्रेच्या पावणीचा (लिलावाचा) हिशेब त्याला उत्तम. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही: एक्सेलची फाइल उघडल्यावर कॅल्क सहसा नव्याने गणित करत नाही, फाइलीत साठवलेली उत्तरंच दाखवतो. बेरजा जुळल्या म्हणून खूश होण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एफ9 दाबा आणि मग पैशापर्यंत ताडून बघा. 1,25,000 मधला स्वल्पविराम लाखाच्या जागी पडतो का, 03/04 ही तारीख 3 एप्रिलच राहते का, हेही बघा. बँकेचे खाते क्रमांक आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवा. पंधरापेक्षा जास्त आकडे असले की पंधराव्यानंतरचे शून्य होऊन बसतात.

महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) यादीत नावं देवनागरीत आणि पत्ते रोमनमध्ये असतात. कॅल्कमध्ये दोन्ही लिप्यांचे फॉन्ट वेगळे ठरवावे लागतात, तेव्हा सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करा. यादी युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती कुठल्याही प्रोग्राममध्ये न वाचता येणारीच दिसेल. ती बदलून घेण्याचं काम वेळखाऊ आहे, म्हणून सगळ्यात आधी हातात घ्या.

पावसात वीज जाते, तेव्हा ऑटोरिकव्हरी (काम आपोआप जपून ठेवण्याची सोय) पाच मिनिटांवर आणा आणि बॅकअप प्रत ठेवण्याच्या चौकटीत खूण करा.

मूळ हिशेब ओडीएसमध्ये, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात ठेवा. हे स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे समिती बदलली तरी पुढच्या खजिनदाराला एकाच कंपनीच्या प्रोग्रामवर अडून राहावं लागणार नाही. ऑडिटरना तेवढी एक्सएलएसएक्स प्रत काढून द्या, आणि त्यांची सही होईपर्यंत जुन्या फाइलींना हात लावू नका.