दुसरं बाळ मोठं आहे म्हणतात? मग अशी करा तयारी

अडतिसाव्या आठवड्यात माझ्या रिपोर्टवर बाळाचं वजन ४.१ किलो आलं. मी घरी पोचेपर्यंत सासूबाईंनी माझ्या वरणावरचं तूप बंद करून टाकलं होतं. बाळ झालं ते ३.७ किलोचं. बाप्पा, त्या पंधरा दिवसांत मी किती घाबरले होते!

तेव्हा पहिलं काम म्हणजे आकड्याकडे थंड डोक्याने बघणं. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो आणि तो दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. साधारण ४ किलोच्या वर गेलं की बाळ मोठं धरतात. दुसरं बाळ बहुधा पहिल्यापेक्षा थोडं भरतंच. आणि पोट मोठं म्हणजे मुलगा, असं कोणी म्हणालं तर चहा द्या आणि विषय बदला.

दुसरं काम साखरेचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं आणि चरबी साठवतं, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी टाळू नका. १४० किंवा त्यापेक्षा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. सुरुवातीची तपासणी चांगली आली असली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करायची असते. साखर निघाली तर संत्र्याचा रस काढू नका, अख्खं संत्र खा. उसाचा रस आणि संत्रा बर्फी काही महिने विसरा. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, पण उन्हाळ्यात दुपारी घरातच. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. साखर नसेल तर उपाशी राहून बाळ बारीक करायच्या फंदात पडू नका.

पहिल्या बाळंतपणाचा डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. तेव्हा बाळाचं वजन किती होतं, बाळ ओढून घ्यायला व्हॅक्यूम लागला होता का, टाके किती पडले, रक्तस्राव जास्त झाला का, बाळाचा खांदा अडकला होता का, सिझेरियन झालं असेल तर कशामुळे, हे सगळं आताच्या डॉक्टरांना हवं असतं. माझा कार्ड लग्नाच्या अल्बममध्ये सापडला.

दवाखाना ठरवताना खोली एसी आहे का, याच्या आधी दोन गोष्टी विचारा: रात्री भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर किती वेळात येतात, आणि रक्ताची सोय कुठून होते. नागपुरात डागा स्त्री रुग्णालय, मेयो (इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय), मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानचं एम्स हे सरकारी पर्याय आहेत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत होतं. फक्त अंदाजे वजनावरून सिझेरियन ठरवायचं तर अनेक मार्गदर्शक सूचनांत मर्यादा बरीच वरची आहे: मधुमेह असेल तर ४.५ किलो, नसेल तर ५ किलो. तुमचे डॉक्टर त्याआधी सुचवत असतील तर कारण नीट विचारून घ्या. ते खरंच असू शकतं.

डोकं बाहेर येऊन खांदा अडकला, तर आईचे गुडघे पोटाकडे दुमडून धरतात आणि ओटीपोटावर विशिष्ट जागी दाब देतात. त्या वेळी पोटाचा वरचा भाग खाली दाबणं धोक्याचं. सोबत येणाऱ्या काकू-मावशींना हे आधीच सांगून ठेवा.

आता घाई. दुसरं बाळंतपण बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लवकर होतं. हिंगणा-बुटीबोरीकडून शहरात यायचं असेल तर कळा नियमित व्हायला लागल्या की निघायचं. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. मोठ्या मुलाजवळ कोण थांबेल, यासाठी एक नाही, दोन नावं पक्की करा, त्यातलं एक शेजारचं. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, पाणी हिरवट आलं, डोकं फार दुखून अंधारी आली, तर दिवस भरायची वाट न बघता दवाखाना गाठा.

बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजलं तर लगेच नर्सला सांगा; मोठ्या बाळानंतर गर्भाशय सैल पडू शकतं. तुम्हाला मधुमेह असेल तर बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात, कारण जन्मल्यावर ती एकदम उतरू शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजा. मध, गुटी काही नको. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन.

बॅगेत कपडे एक माप मोठे घ्या. आमच्याकडे बाळाला आधी जुनं घालतात, म्हणून मी थोरलीची सहा झबली धुऊन नेली होती. एकही बंद बांधता आला नाही. ती आता थोरलीच्या बाहुलीच्या अंगावर आहेत.