नागपुरात बसून समुद्राचं शेवाळ

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तपकिरी समुद्रशैवाल घेतलं, तेव्हा घरी पहिला प्रश्न आला, "अंबाझरी तलावात नाही का मिळत ते?" नाही मिळत. तपकिरी शैवालं जवळजवळ सगळी खाऱ्या पाण्यातली. म्हणून मालवणहून सरगॅसम या तपकिरी शैवालाच्या दोन पिशव्या आणल्या, एक नोव्हेंबरात, दुसरी फेब्रुवारीअखेर. इथूनच माझी फजिती सुरू झाली.

दोन्हींतून सोडियम कार्बोनेट वापरून अल्जिनेट, म्हणजे शैवालातला जेल होणारा पदार्थ, काढलं. कॅल्शियम क्लोराईडच्या द्रावणात थेंब सोडले, तर पहिल्या पिशवीचे टणक मणी झाले आणि दुसरीचे बोट लावताच पिचकले. दोन महिने मी माझ्या हातालाच दोष देत राहिले. शेवटी मॅडमना सांगितलं. त्यांनी वही मागितली. "नमुना झाडाच्या कुठल्या भागाचा? देठ की पान?" वहीत फक्त लिहिलं होतं, 'सरगॅसम, मालवण'.

अल्जिनेट म्हणजे मॅन्युरॉनिक आणि ग्युलुरॉनिक या दोन शर्करा-आम्लांची साखळी. शैवाल आधी नुसतं मॅन्युरॉनिक गुंफतं, मग एपिमरेज नावाची विकरं त्यातल्या काही कड्या जागच्या जागी ग्युलुरॉनिकमध्ये बदलतात. ग्युलुरॉनिकचे सलग पट्टे कॅल्शियमला घट्ट धरतात, म्हणून जेल कडक होतं. किती कड्या बदलल्या हे जातीवर, वयावर, भागावर ठरतं. उत्तर अटलांटिकमधल्या लॅमिनेरिया हायपरबोरिया या तपकिरी शैवालाच्या देठात ग्युलुरॉनिक भरपूर, पात्यात बरंच कमी. एकाच झाडात हे, तर दोन पिशव्यांचं काय घेऊन बसलात!

शैवालातली दुसरी शर्करा लॅमिनारिन, ही तर साठवणीची कणगी. थंड समुद्रातल्या केल्पमध्ये (मोठ्या तपकिरी शैवालांत) उन्हाळ्यापासून शरदापर्यंत ती भरते आणि हिवाळा सरता सरता रिकामी होते. तिसरी फ्युकॉइडन, म्हणजे फ्युकोज या साखरेची सल्फेट लागलेली साखळी. ते 1913 मध्ये किलिन यांनी वेगळं केलं, पण ते एक नाव म्हणजे एक रेणू नव्हे. लॅमिनेरियाच्या गणात फ्युकोजच्या कड्या बहुतेक 1-3 जोडणीच्या (एका कडीचा पहिला कार्बन शेजारणीच्या तिसऱ्याला), फ्युकसच्या गणात (आपलं सरगॅसम याच गणातलं) बऱ्याचदा 1-3 आणि 1-4 आळीपाळीनं. सल्फेटही कमीजास्त. बाटलीवर नुसतं 'फ्युकॉइडन' दिसलं की मी आधी विचारते, कुणाचं?

नव्यांनी गोळा करतानाच तारीख, भरती-ओहोटी, खडक की वाहून आलेलं, देठ-पान-हवेचे फुगे वेगळे, हे सगळं तिथेच, किनाऱ्यावर लिहा. घरी आल्यावर आठवत नाही. वाळू झटका, गोड्या पाण्यात भिजत मुळीच ठेवू नका, पाण्यात विरघळणारं सगळं निघून जातं. सावलीत सुकवा. मी एकदा गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात पसरलं होतं, रंग पार उडाला आणि आई कुरडयांना वास लागला म्हणून ओरडली ती वेगळीच.

मे महिन्यातली एक गोष्ट पुस्तकात मिळणार नाही. लॅबमध्ये डेझर्ट कूलर चालू असतो. फ्रीझ-ड्राय केलेलं (गोठवून सुकवलेलं) फ्युकॉइडन ओल असं शोषतं की तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. वजन करताना कूलर बंद, घाम येऊ द्या, आणि टक्केवारी कोरड्या वजनावरच काढा. राखही मोजा, समुद्रशैवालात ती बरीच निघते. साखर मोजायच्या फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीला तुलनेसाठी ग्लुकोजचं नाही, फ्युकोजचं स्टँडर्ड लावा. ते महाग पडतं, पण ग्लुकोजवर काढलेला आकडा मला तरी फेकून द्यावा लागला.

दोन पिशव्यांची सरासरी मी काढली नाही, तक्त्यात दोन वेगळ्या ओळी ठेवल्या. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, "हा फरक महिन्याचा, की पहिल्या पिशवीत देठं जास्त होती म्हणून?"

मी म्हटलं, "सर, नोंद नाही." ते पुढच्या पानावर गेले.