पेनड्राइव्ह लिनक्सवर चालेना? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

आमच्या घरात लिनक्स वापरणारी मी एकटीच, त्यामुळे कुणाचाही पेनड्राइव्ह बिघडला की एकतर तो माझ्याकडे येतो नाहीतर माझ्यामुळे बिघडला असं ठरतं. मामांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. सगळं शूटिंग माझ्या डेस्कटॉपवर होतं, मामा पेनड्राइव्ह घेऊन आले, मी कॉपी लावली, पट्टी सरसर पुढे गेली, शंभर टक्के झाली, आणि मी चहा ठेवायला उठले तोवर मामांनी ड्राइव्ह उपटून खिशात टाकला पण. घरी जाऊन टीव्हीला लावला तर दोन क्लिप चालल्या आणि तिसरी अंतरपाटापाशी थांबली, पुढे काळा पडदा. रात्री फोन, "काय गं, तुझ्या त्या लिनक्सनं आमची सप्तपदी खाल्ली होय?"

सप्तपदी माझ्या रॅममध्ये होती. लिनक्स कॉपी करताना डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मग मागच्या मागे सावकाश ड्राइव्हवर उतरवतं, म्हणून पट्टी इतकी झपाट्यानं पळते. नेहमीच्या सेटिंगला उपलब्ध रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत असा न उतरवलेला माल साठू शकतो. म्हणजे 16 जीबी रॅम असेल तर जवळपास 3 जीबी, आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला 8-10 एमबीनं लिहिणारा असेल तर पट्टी संपल्यावरही पाच-सहा मिनिटं खरं काम चालूच असतं. विश्वास नसेल तर स्वतः बघा. प्रॉक फोल्डरमध्ये मेमइन्फो नावाची फाइल असते, तिच्यात डर्टी (अजून उतरवायचा बाकी माल) आणि राइटबॅक (आत्ता उतरत असलेला) अशा दोन ओळी असतात, मोठी फाइल कॉपी झाल्या झाल्या ती उघडा, डर्टीसमोर लाखांत केबी दिसतील आणि परत परत उघडत गेलात तर तो आकडा हळूहळू उतरताना दिसेल. मामांना दुसऱ्या दिवशी मी हेच दाखवलं, 28 लाखांवरून खाली येणारा आकडा बघत ते चहा संपेपर्यंत गप्प बसले होते!

(कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायची.)

तर पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही. फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावापुढे वर बाण असलेलं इजेक्टचं चिन्ह असतं ते दाबा, डेटा लिहिणं चालू आहे, काढू नका असा मेसेज आला तर थांबा, आता काढायला हरकत नाही असं आल्यावरच हात लावा. टर्मिनलवाले असाल तर सिंक अशी एका शब्दाची कमांड आहे, ती सगळं लिहून होईपर्यंत परत येतच नाही. मामांचं म्हणणं, ऑफिसात विंडोजवर आम्ही असेच ओढून काढतो, काही होत नाही. त्यातही तथ्य आहे, कारण विंडोज 10 च्या 1809 व्हर्जनपासून, म्हणजे 2018 नंतर, तिथे क्विक रिमूव्हल, म्हणजे इजेक्ट न करता काढायची सोय, हेच डीफॉल्ट आहे आणि ती सवय घेऊन माणूस लिनक्सवर येतो. अर्थात कॉपी चालू असताना ओढला तर तिथेही बोंबच.

आधी विचारा, मग औषध द्या

सगळ्यात मोठी चूक कुठली विचाराल तर ड्राइव्ह उघडला नाही की लगेच फॉरमॅट. ताप आला म्हणून डायरेक्ट ऑपरेशन करण्यासारखं आहे हे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिचारा सगळं लिहून ठेवत असतो, वाचत कुणी नाही. डीमेसेज नावाची कमांड आहे, स्पेलिंग डी एम ई एस जी, पुढे स्पेस देऊन उणे चिन्ह आणि डब्ल्यू लावा, बऱ्याच ठिकाणी आधी सुडो (म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या अधिकारानं चालव) लागतं, आणि मग ड्राइव्ह लावा. काय काय ओळी येतात ते बघा.

एकही ओळ आली नाही तर सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालू नका, पोर्ट, केबल किंवा ड्राइव्हच गेलाय. डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड असं काहीतरी आणि पुढे एरर उणे 71 किंवा उणे 110 दिसलं तर ड्राइव्ह आणि कॉम्प्युटरचं बोलणंच नीट होत नाहीये, बहुतेक वेळा केबल, सैल पोर्ट नाहीतर कमी पडणारी वीज. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीअँपिअर द्यायला बांधलेला, यूएसबी 3 चा 900, आणि पोर्टेबल हार्ड डिस्कची मोटर सुरू होताना चांगलीच वीज ओढते, त्यात तुम्ही ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा कीबोर्ड-माउस-प्रिंटर सगळ्यांचं मिळून असलेल्या हबला लावलेली असते. मागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. माझ्याकडे आलेल्या "मेलेल्या" हार्ड डिस्कपैकी कित्येक नुसत्या केबल बदलून जिवंत झाल्यात.

ओळी आल्या, साइजही बरोबर दिसली, पण उघडत मात्र नाही, तर एलएसबीएलके कमांड चालवा, पुढे उणे एफ. कुठला ड्राइव्ह, त्यावर कुठलं पार्टिशन म्हणजे कप्पा, कुठली फाइल सिस्टिम म्हणजे फाइल मांडायची पद्धत, कुठे माउंट झालंय म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडलंय, सगळं झाडासारखं समोर येतं. फाइल सिस्टिमच्या जागी एक्सफॅट लिहिलंय आणि तुमची सिस्टिम जुनी आहे तर उत्तर तिथेच मिळालं. एक्सफॅटचा आत्ताचा ड्रायव्हर कर्नलमध्ये 5.7 पासून, म्हणजे 2020 पासून आहे, त्याआधीच्या सिस्टिमवर बहुतेक वेळा वेगळं पॅकेज टाकावं लागायचं. ड्राइव्ह ठणठणीत, आणि लोक तो फॉरमॅट करून मोकळे होतात.

एसडीए की एसडीबी, इथे जीव जातो

हा भाग सावकाश वाचा, कारण बाकी चुकांत पेनड्राइव्ह जातो, इथे अख्खी हार्ड डिस्क जाते. आयएसओ फाइलवरून (अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलमध्ये) बूट होणारा पेनड्राइव्ह करायला लोक डीडी कमांड वापरतात आणि ती कुठूनतरी जशीच्या तशी उचलतात. तिथे पेनड्राइव्हचं नाव एसडीबी लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याच्या मशीनमध्ये एसडीए म्हणजे त्याची हार्ड डिस्क होती. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क असते, तिचं नाव एनव्हीएमई झिरो एन वन असं काहीतरी लांबलचक, आणि मग लावलेला पहिला पेनड्राइव्हच एसडीए होतो. महिनाभर लॅपटॉपवर एसडीए लिहायची सवय लागली की एक दिवस जुन्या डेस्कटॉपवर बसून हात आपोआप तेच लिहितो. डीडी विचारत नाही, खात्री आहे का वगैरे काही नाही, एंटर दाबलं की त्या डिस्कवर जे असेल त्यावर लिहायला सुरू! त्यात ही नावं कायमची नसतात, ड्राइव्ह काढून परत लावला की कालचा एसडीबी आज एसडीसी होऊ शकतो. म्हणून दर वेळी एलएसबीएलके आधी, ड्राइव्ह लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यावर एकदा, नव्यानं जी ओळ आली तीच तुमची, आणि साइज जुळतेय का तेही बघा. मी तर सरळ डिस्क्स नावाचं ॲप उघडते, तिथे कंपनीचं नाव आणि मॉडेल दिसतं. टर्मिनलचा अभिमान डेटा परत आणून देत नाही.

टार्गेट इज बिझी

इजेक्ट दाबलं आणि हा मेसेज आला की लोक वैतागून ओढतात. दहातल्या आठ वेळा तुमचंच एखादं टर्मिनल त्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन बसलेलं असतं, नाहीतर त्यातली पीडीएफ कुठेतरी मागे उघडी असते, नाहीतर फाइल मॅनेजर चारशे फोटोंच्या छोट्या प्रतिमा बनवत बसलेला असतो. फ्यूजर कमांडला व्ही आणि एम हे पर्याय देऊन ड्राइव्हच्या फोल्डरचं नाव द्या, कोण अडवून बसलंय त्याचं नाव येतं. अनमाउंटला एल लावून लेझी पद्धतीनं करायचा सल्लाही मिळतो, तो घेऊ नका, त्यात ड्राइव्ह नजरेआड होतो पण मागे लिहिणं चालू असू शकतं, म्हणजे मामांचंच झालं परत. आणि हो, कमांडच्या स्पेलिंगमध्ये अन मधला एन नाहीये, यूमाउंट आहे ते, पहिल्या आठवड्यात मीही कमांड सापडत नाही म्हणून रडले होते.

वाचता येतं, लिहिता येत नाही

इथे लोक काय करतात, सुडो लावून परमिशनला 777 मारतात, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा. पण पेनड्राइव्हवर सहसा फॅट किंवा एक्सफॅट या फाइल सिस्टिम असतात आणि तिथे लिनक्सच्या परमिशन साठवल्याच जात नाहीत, त्यामुळे हे म्हणजे बंद कुलपावर हळदकुंकू. ड्राइव्ह ईएक्सटी 4 (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य वापरकर्ता, असतो म्हणून अडतं आणि चाऊन कमांडनं मालकी आपल्या नावावर केली की प्रश्न मिटतो.

बाकी वेळा कर्नलनं मुद्दाम ड्राइव्ह रीड ओन्ली केलेला असतो. फॅटमध्ये गडबड दिसली की तो नुकसान वाढू नये म्हणून लिहिणं बंद करतो, डीमेसेजमध्ये व्हॉल्यूम नीट अनमाउंट झाला नव्हता, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासायची कमांड) चालवा अशी ओळ सापडेल. मग ड्राइव्ह अनमाउंट करून एफएससीके डॉट व्हीफॅट चालवायचं. मोडके तुकडे सापडले तर ते ड्राइव्हवर एफएससीके 0000 डॉट आरईसी अशा नावांनी ठेवू शकतं, कचरा समजून लगेच उडवू नका, कधीकधी नाव बदलून डॉट जेपीजी केलं की आत फोटो निघतो.

एनटीएफएसवाल्या, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या, पोर्टेबल डिस्कची कथा बहुतेक विंडोजमध्ये सुरू होते. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप म्हणून प्रकार आलाय, त्यात शटडाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, आणि त्या वेळी डिस्क लावलेली असली तर तिच्यावर काम अपुरं असल्याची खूण राहते. लिनक्स ती खूण बघतं आणि रीड ओन्ली देतं किंवा उघडतच नाही. कर्नल 5.15 मध्ये, 2021 साली, एनटीएफएस 3 हा नवा ड्रायव्हर आला, तो तर अशा डिस्कला फोर्स म्हटल्याशिवाय दारातही घेत नाही. उपाय विंडोजमध्येच आहे, फास्ट स्टार्टअप बंद करा, डिस्क तपासणारी सीएचकेडीएसके स्लॅश एफ ही कमांड चालवा, सेफली रिमूव्ह करा आणि मग आणा. एनटीएफएसफिक्स नावाचं टूल लिनक्सवर आहे पण नावावर जाऊ नका, ते थोडंफार जुळवून खूण पुसतं, पूर्ण तपासणी करत नाही.

आणि एसडी कार्ड असेल तर आधी ॲडॉप्टरच्या कडेची ती पांढरी चिमुकली पट्टी बघा. लॉककडे सरकलेली असते. अर्धा तास घालवलाय मी.

जागा आहे पण फाइल बसत नाही, फाइल उडवली पण जागा सुटत नाही

पहिलं असेल तर ड्राइव्ह फॅट 32 आहे, त्यात 4 जीबीची किंवा त्यापेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, रिकामी जागा कितीही असो. नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तरी फॅट नाकारतो, एरर मात्र इनव्हॅलिड आर्ग्युमेंट असली काहीतरी अगम्य येते. दुसरं असेल तर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल एच दाबा, डॉट ट्रॅश 1000 नावाचं फोल्डर दिसेल, तुम्ही डिलीट केलेलं सगळं तिथे ड्राइव्हवरच पडलंय. ट्रॅश रिकामा करा, ड्राइव्ह लावलेला असतानाच.

आणि 1 टीबीचा पेनड्राइव्ह तीनशे रुपयांत मिळाला असेल तर तो 1 टीबीचा नाही. एफ3 नावाचं टूल आहे, त्यातलं एफ3राइट ड्राइव्ह भरून टाकतं आणि एफ3रीड परत वाचून खरी जागा किती ते सांगतं. दुकानदार परत घेतोय तोवर तपासा.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला ड्राइव्ह हा आपल्याकडचा खास प्रकार. तिथून आला की सगळ्या फाइल गायब आणि नुसते शॉर्टकट. लिनक्सवर लावा, बिननावाचं एक फोल्डर दिसेल, नाव म्हणून फक्त एक न दिसणारी स्पेस. फाइल बहुतेक त्यातच असतात, कारण विंडोजची लपवायची खूण लिनक्स मोजतच नाही. त्या आपल्या डिस्कवर घ्या, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट उडवा, फॉरमॅट नंतर करा. इथे मात्र करा.

शेवटी ताईचा ड्राइव्ह. तिनं आजीच्या ओव्या टाइप करून ठेवल्यात, सगळ्या फाइलची नावं मराठीत. मी तो टर्मिनलमधून हातानं माउंट केला तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, आणि उघडायला गेलं की अशी फाइलच नाही. ताई मागून, "व्हायरस लागलाय, फॉरमॅट कर, माझ्याकडे प्रिंट आहेत." फाइल मॅनेजर फॅट ड्राइव्ह उघडताना यूटीएफ 8 हा मराठी अक्षरं दाखवणारा पर्याय स्वतः लावतो, मी हातानं करताना विसरले होते, एवढंच. अनमाउंट केलं, तो पर्याय देऊन परत माउंट केला, आणि "जात्यावरच्या ओव्या 1" पासून "पाळणे" पर्यंत सगळी नावं जागेवर. ताई म्हणाली, "मग प्रिंट कशाला काढल्या मी."