गजर ओट्यावर ठेवला आणि जाग आली

मुलुंडहून पावणेआठची लोकल गाठायची, म्हणून 6 चा गजर. तो बंद करून मी पुन्हा झोपायचे. आईच्या हाका वाया जायच्या, लेटमार्क ठरलेला.

मूळ संध्याकाळच्या चहात होतं. कॅफीनचा निम्मा अंश 5-6 तासांनीही अंगात असतो. 6 नंतरचा चहा सोडला. मग फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवू लागले. गजर बंद करायला गार लादीवर पाय टेकवावेच लागतात. तसंच पाणी पिऊन गॅलरीत उभी राहते. डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारं मेलाटोनिन ओसरतं. जानेवारीत मुंबईत सूर्यच 7 नंतर उगवतो, तेव्हा ट्यूबलाइट लावते. उपयोग कमी, पण होतो.

रविवारीही त्याच वेळेला उठणं सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या आठवड्यात गजराआधीच जाग आली. आई नुकताच गॅस पेटवत होती.