प्रवासाला सामान किती घ्यावे

प्रवासाच्या सामानाचा हिशेब बहुतेक घरांत दिवसांवर केला जातो: पाच दिवस राहायचे म्हणून पाच जोड, वर असू द्यावेत म्हणून आणखी दोन, आणि मग बॅग मिटत नाही म्हणून दुसरी बॅग. माझ्या मते मुंबईतून निघणाऱ्याने हिशेबाला दुसऱ्या टोकाने हात घालावा. संपूर्ण प्रवासात सामान स्वतः उचलून न्यावे लागेल असा सर्वांत अवघड टप्पा कोणता, हे आधी ठरवावे आणि त्या टप्प्यावर जेवढे पेलेल तेवढेच भरावे.

उदाहरणार्थ, भांडुपला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे कुटुंब दादरहून तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला निघाले आहे. गाडीत बसल्यावर बॅग बाकाखाली सरकवता येते, तिथे वजनाचा त्रास होत नाही. त्रास होतो तो घरचा जिना उतरताना, भांडुपच्या पुलावर, लोकलमध्ये चढताना, दादरचा पूल ओलांडताना आणि कोकणातल्या स्थानकावर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते तेव्हा सगळे नग खाली उतरवताना. चाकांच्या बॅगेचा या ठिकाणी काहीच उपयोग नसतो, कारण पायऱ्यांवर ती उचलावीच लागते आणि तिचे स्वतःचेच वजन तीन-चार किलो असते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आईला घेऊन गावी निघालो होतो आणि आम्हा दोघांत पाच नग होते. दादरच्या पुलावर गर्दीतून वाट काढताना दोन्ही हात अडकलेले, कापडी पिशवीचा बंद तळहातात रुतलेला, आणि मागे वळून पाहतो तर आई कठड्याला धरून अर्ध्या जिन्यात थांबलेली. तिला द्यायला माझ्याकडे हातच मोकळा नव्हता. तेव्हापासून मी एक नियम कधीही मोडत नाही: धडधाकट माणसामागे पाठीवर एक सॅक आणि एका हातात एक नग, दुसरा हात मोकळा. तो हात मुलासाठी, वडीलधाऱ्यांसाठी किंवा लोकलच्या दांड्यासाठी लागतो. वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या वाट्याचे नग मोजायचे नाहीत, कारण ते शेवटी आपल्याच हातात येतात.

वजन अंदाजाने ठरवू नये. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकट्याने, मग बॅग घेऊन उभे राहावे आणि वजाबाकी करावी. त्यानंतर भरलेली बॅग घेऊन आपल्याच इमारतीचे तीन मजले न थांबता चढून पाहावेत. वाटेत बॅग टेकवावी लागली किंवा हात बदलावा लागला, तर दोन-तीन किलो काढून पुन्हा चढावे. ही परीक्षा निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घ्यावी, म्हणजे काय काढायचे याचा विचार शांतपणे करता येतो.

रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीच्या प्रवाशाला 40 किलो, टू टायर एसीला 50 किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गाला 35 किलो सामान विनाशुल्क नेता येते. पण ही नियमाची मर्यादा आहे, आपल्या खांद्याची नव्हे. देशांतर्गत विमानप्रवासात मात्र नियमच आधी आडवा येतो. साध्या तिकिटावर बहुधा 15 किलोची मोठी बॅग आणि 7 किलोची हातातली एवढीच मुभा असते, म्हणून आपल्या तिकिटावरचा आकडा वाचूनच भरायला बसावे. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी, मोठ्या बॅगेत ती चालत नाही.

कपड्यांची संख्या मुक्कामाच्या दिवसांवर नव्हे, तर धुतलेला कपडा वाळायला किती वेळ लागतो यावर ठरते. उन्हाळ्यात सकाळी दोरीवर टाकलेला सुती सदरा दुपारपर्यंत कडक वाळतो, त्यामुळे आठवडाभरासाठीसुद्धा एक अंगावर, एक दोरीवर आणि एक घडीचा असे तीन जोड पुरतात. समारंभाचा एखादा जोड वेगळा. आषाढ-श्रावणात कोकणात तोच सदरा दोन दिवसांनीही दमट लागतो, तेव्हा पाच जोड घ्यावेत आणि जीन्स घरी ठेवावी, कारण भिजलेली जीन्स वाळतही नाही आणि तिचे वजनही वाढते. आतले कपडे यात धरू नयेत, ते सढळ हाताने घ्यावेत. जाड टॉवेलऐवजी पंचा घेतला तर जागा निम्म्याहून कमी लागते आणि तो वाळतोही लवकर. पाण्याच्या प्रत्येक लिटरचे एक किलो होते, म्हणून कुटुंबाने चार बाटल्या घरून न भरता दोन भराव्यात आणि वाटेत पुन्हा भरून घ्याव्यात.

औषधांत मात्र काटकसर करू नये. रोजच्या गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवसांच्या जास्त घ्याव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अंगाबरोबरच्या पिशवीत ठेवाव्यात.

परतीचे सामान आपण हमखास विसरतो. गावाहून रिकाम्या हाताने कोणी पाठवत नाही: कुळथाचे पीठ, आमसुले, कोकमाच्या रसाची बाटली, आणि मे महिना असला तर आंबे. अडीचशे ग्रॅमचा एक आंबा धरला तरी चार डझनांचे 12 किलो होतात, म्हणजे जाताना जी बॅग नेमकी पेलत होती ती येताना पेलणार नाही. म्हणून जाताना मोठ्या बॅगेचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा, तळाशी घडीची एक रिकामी पिशवी टाकावी, आणि पेटी आणायचीच असेल तर ती उतरवून घ्यायला दादरच्या फलाटावर घरचे कोणी येईल का, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.