कंटेम्प्ट आणि त्याचा गोतावळा: कुठलं रूप कुठे वापरायचं

कंटेम्प्ट म्हणजे तिरस्कार, असं डिक्शनरीत बघून आपण पुढे जातो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण तिरस्कार आपण हेटसाठीपण वापरतो. ज्याचा द्वेष वाटतो त्याला आपण निदान मोजतो तरी, त्याची भीती वाटते, त्याच्याशी भांडावंसं वाटतं. कंटेम्प्टमध्ये समोरचा खिजगणतीतच नसतो. म्हणून आधी 'तुच्छ लेखणं' हा अर्थ डोक्यात पक्का करा, मग बाकीची रूपं बरीच सोपी जातात.

खरा गोंधळ होतो तो कंटेम्प्चुअस आणि कंटेम्प्टिबलमध्ये. दोन्ही विशेषणं, दोन्ही दिसायला सारखी, पण अर्थ एकदम उलट बाजूचे. समजा एका मॅनेजरने ज्युनिअरचा रिपोर्ट दोन बोटांनी उचलला आणि न वाचताच बाजूला टाकला, तर ते वागणं कंटेम्प्चुअस, कारण तो तुच्छ लेखतोय. मग त्याच मॅनेजरने तोच रिपोर्ट स्वतःच्या नावावर वरती पाठवून दिला, तर ते कंटेम्प्टिबल, कारण आता तुच्छ लेखण्याच्या लायकीचं काम त्याने स्वतःच केलंय. वाक्य लिहिताना एवढंच विचारा की हा माणूस नाक मुरडतोय की याच्याकडे बघून बाकीचे नाक मुरडतायत. आणि हे खरंच जपा हं, कारण कुणाबद्दल तुच्छता वाटते हे सांगताना 'आय ॲम कंटेम्प्टिबल' लिहिलंत तर तुम्ही स्वतःलाच नीच म्हटलंत असा अर्थ होतो.

क्रियाविशेषण कंटेम्प्चुअसली, 'ही लाफ्ड कंटेम्प्चुअसली' म्हणजे तो तुच्छतेने हसला. क्रियापद मात्र कंटेम्प्टचं करू नका, 'आय कंटेम्प्ट यू' हे चुकीचंच आहे. कंटेम्न असं जुनं क्रियापद आहे, लॅटिनमधल्या कंटेम्नेरेवरून आलेलं, पण आता ते फारसं कुणी वापरत नाही, रोजच्या इंग्लिशमध्ये सरळ डिस्पाइज म्हणा. अनेकवचनाच्या भानगडीतही पडू नका, कंटेम्प्ट्स म्हणत नाहीत.

प्रीपोझिशन म्हणाल तर माणसाबद्दल किंवा गोष्टीबद्दल असेल तर कंटेम्प्ट फॉर, पण विशेषण आलं की कंटेम्प्चुअस ऑफ. कोर्टाच्या बाबतीत कंटेम्प्ट ऑफ कोर्ट, म्हणजे न्यायालयाचा अवमान, आणि इथे मनात तुच्छता आहे की नाही हा मुख्य प्रश्नच नसतो, कोर्टाचा आदेश जाणूनबुजून पाळला नाही तरी तो कंटेम्प्ट होतो. आता 'हेल्ड इन कंटेम्प्ट' बघा, लोकांनी एखाद्याला हेल्ड इन कंटेम्प्ट म्हणजे त्याला कवडीची किंमत दिली नाही, आणि जजने हेल्ड इन कंटेम्प्ट म्हणजे त्याला अवमानाबद्दल दोषी ठरवलं. शब्द तेच, त्यामुळे कोण करतंय ते बघूनच अर्थ लावा.

तसंच 'कंटेम्प्ट फॉर डेंजर' वाचलं तर तिथे तिरस्कार घालू नका, धोक्याची पर्वा न करणं एवढंच आहे ते. 'बिनीथ कंटेम्प्ट' म्हणजे इतकं हीन की तुच्छ लेखायच्याही लायकीचं नाही, हे फार जहाल आहे, उगीच वापरू नये. 'फॅमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट'ला तर आपल्याकडे अतिपरिचयात अवज्ञा तयारच आहे.

स्कॉर्न आणि डिस्डेन हे जवळचे शब्द. स्कॉर्नमध्ये तुच्छता बऱ्याचदा उघड दिसते, बोलण्यातून, हसण्यातून, आपली हेटाळणी त्याच्या जवळ जाते, आणि डिस्डेनमध्ये 'हे आपल्या पातळीचं नाही' म्हणून लांब राहणं असतं. दोन्ही क्रियापद म्हणूनही चालतात, जे कंटेम्प्टला जमत नाही.

उच्चार करताना जोर दुसऱ्या भागावर, अटेम्प्टसारखाच, मधला प बोलताना जवळजवळ गिळला जातो पण स्पेलिंगमध्ये तो हवाच. आणि कंटेम्प्लेट, कंटेम्पररी या शब्दांचा याच्याशी काही संबंध नाही, सुरुवातीची अक्षरं जुळतात म्हणून अर्थ जोडायला जाऊ नका.